यदृच्छा आणि योग्यता : शाब्दिक साहसखेळांतील असंबद्ध विनोद

असंबद्ध बोलण्यातून हास्य उद्भवते, ही गोष्ट भारतीय साहित्यविचाराला नवी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे जे विभाव सांगितले आहेत त्यांत विकृत वेष, धार्ष्ट्य, लौल्य यांच्याबरोबर असत्प्रलापाचाही निर्देश आहे. मात्र नाट्यातील असत्प्रलापामागे कोणी तरी बोलणारा असतो. तो विदूषक असो, मद्यपी असो की वेडाचे सोंग घेतलेला पुरुष असो, त्याच्या तोंडचा भलता शब्द त्याच्या स्वभावाचा किंवा अवस्थेचा द्योतक ठरतो. गेल्या अर्धशतकात अशीही एक संहिता अस्तित्वात आली आहे की जिच्यातील भलता शब्द कोणाच्याच तोंडचा नसतो. वाक्य लेखकाने रचलेले असते. त्यात एक जागा मोकळी सोडलेली असते. आणि त्या जागी कोणता शब्द बसावा हे संगणक, फासे टाकावेत तसे, ऐन वेळी ठरवतो. संगणकावरील शाब्दिक साहसखेळांत हा प्रकार प्रथमपासून आढळतो. त्याची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी घ्यावी की तो खेळण्यांच्या दुकानातील विषय म्हणून सोडून द्यावा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

ज्यांना इंग्रजीत टेक्स्ट ॲडव्हेंचर म्हणतात ते हे खेळ चित्रांचे नसून निव्वळ शब्दांचे असतात. पडद्यावर एखाद्या स्थळाचे वर्णन उमटते. खेळणारा 'उत्तरेला जा', 'दिवा घे', 'दार उघड' अशा आज्ञा टंकित करतो. आज्ञावली त्या आज्ञेची फोड करते आणि घडलेला परिणाम पुन्हा गद्यातच कळवते. विल क्राउदर हा अमेरिकन संगणकतज्ज्ञ गुहासंशोधकही होता. केंटकी राज्यातील मॅमथ गुहांच्या परिचयावर आधारून त्याने १९७५-७६ च्या सुमारास 'ॲडव्हेंचर' हा खेळ रचला आणि १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स याने त्याचा विस्तार केला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील चौघांनी 'झॉर्क' रचावयास घेतला. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोकॉम या कंपनीने तो खेळ आणि त्यामागून आलेले अनेक खेळ घरगुती संगणकांपर्यंत पोहोचवले.

या खेळांत विनोद शिरला तो एका अडचणीच्या वाटेने. खेळणाऱ्याला वाटेल ते टंकित करण्याची मुभा असते. यंत्राला मात्र मोजकेच शब्द कळतात. त्यामुळे दोघांच्या संभाषणाचा बराचसा भाग यंत्राच्या अज्ञानाच्या कबुलीचा असतो, आणि तीच कबुली त्याच शब्दांत पन्नास वेळा ऐकणे कोणालाही असह्य व्हावे. 'ॲडव्हेंचर'मध्ये अनोळखी शब्द आला की आज्ञावली तीन ठराविक उत्तरांपैकी एक देते. त्या तिघांची संभाव्यताही सारखी नाही. एक उत्तर नेहमीचे, उरलेली दोन अधूनमधून येणारी. 'झॉर्क'मध्ये कारण नसताना उडी मारली किंवा जे उचलता येणे शक्य नाही ते उचलू पाहिले, तर थोडक्याच तयार शेऱ्यांपैकी एक पुढे येतो, आणि तो बहुधा खेळणाऱ्याची थट्टा करणारा असतो. कंटाळा टाळण्यासाठी योजलेल्या या युक्तीतून यदृच्छेने उत्तर देणारा एक मिस्किल निवेदक हळूहळू घडला. पुढच्या लेखकांनी मोकळी जागा अख्ख्या उत्तरापुरती न ठेवता वाक्याच्या आत, एका शब्दापुरती आणली, आणि येथे ज्याचा विचार करावयाचा तो विनोद निर्माण झाला.

या विनोदाविषयी दोन टोकांची मते संभवतात. एक असे की, शब्द जर यंत्राने निवडला तर विनोदाचे श्रेय कोणालाच नाही. शंभर वेळा फासे टाकले तर पाच-दहा वेळा काही तरी गमतीचे निघणारच, आणि त्याला रचना म्हणणे म्हणजे ढगातल्या आकृतीला चित्रकला म्हणणे होय. दुसरे मत याच्या उलट टोकाचे: यदृच्छा हीच खरी कवी, लेखकाने बाजूला व्हावे. त्रिस्तान झारा याने १९२० मध्ये वर्तमानपत्रातील शब्द कापून, पिशवीत हलवून, हाताला येतील त्या क्रमाने कविता लिहिण्याची जी कृती सांगितली तिचा रोख या मताकडे होता. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी वाटतात. वस्तुतः दोहोंचे गृहीतक एकच आहे. हास्य फाशातून निघते असे दोन्ही मते मानतात. ते गृहीतकच तपासून पाहिले पाहिजे.

त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वाक्यार्थबोधाच्या मीमांसेत आपल्याकडील शास्त्रकारांनी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशी तीन अंगे मानली आहेत. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह प्रारंभिक विद्यार्थ्यालाही त्यांची उदाहरणे देतो. गाय, घोडा, पुरुष, हत्ती असे शब्द नुसते ओळीने उच्चारले तर एका पदाला दुसऱ्याची अपेक्षाच नसते. तेथे आकांक्षेचा अभाव. अग्नीने शिंपावे असे म्हटले तर व्याकरण निर्दोष, पण अग्नीच्या ठिकाणी शिंपण्याचे सामर्थ्य नाही. तेथे योग्यतेचा अभाव. आणि एकेक पद प्रहराप्रहराने उच्चारले तर संनिधीचा अभाव. पतंजलीनेही महाभाष्यात डाळिंबे, अपूप, कुंड, बोकडाचे कातडे अशी एक पदांची रास निरर्थकतेचे उदाहरण म्हणून मांडली आहे.

या तीन अंगांच्या उजेडात पाहिले म्हणजे झाराची पिशवी आणि साहसखेळातील मोकळी जागा यांतला भेद चटकन स्पष्ट होतो. पिशवीतून निघते ती पतंजलीची रास. आकांक्षाच तुटल्यामुळे तेथे अपेक्षाभंगालाही वाव राहत नाही. जेथे काही अपेक्षितच नव्हते तेथे भंगायचे काय? साहसखेळातील वाक्यात आकांक्षा शाबूत असते, संनिधी शाबूत असते. यदृच्छेला मोकळे रान दिलेले असते ते योग्यतेपुरतेच. अग्नीने शिंपण्याचे वाक्य शास्त्रकाराने दोष म्हणून दाखवले. त्याच दोषाची येथे गुण म्हणून योजना होते. वाक्य आपल्या चालीने, गंभीर चेहऱ्याने पुढे जात असते, ऐकणारा नामाची वाट पाहत असतो, आणि नाम येतेही; फक्त ते भलतेच असते. हसू येते ते या गंभीर चालीमुळे. ती चाल लेखकाने घडवलेली असते, फाशाने नव्हे.

यंत्राने रचलेल्या विनोदी गद्याचा एक फार जुना नमुना याची साक्ष देतो. ख्रिस्तोफर स्ट्रॅची याने १९५२ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील संगणकाकडून प्रेमपत्रे लिहवून घेतली. साचा ठरलेला: संबोधन, विशेषण, नाम, क्रियाविशेषण, क्रियापद, आणि शेवटी विद्यापीठाच्या संगणकाच्या नावाची आद्याक्षरे स्वाक्षरीदाखल. शब्द रॉजेटच्या पर्यायकोशाच्या आधारे निवडलेले आणि यादृच्छिक संख्यांच्या बळावर बसवलेले. त्या पत्रांतील विनोद एखाद्या सुट्या शब्दात नाही. ठराविक प्रेमपत्राचा साचा आधीच किती पोकळ असतो, कोणतेही विशेषण घातले तरी तो कसा डोलत उभा राहतो, हे त्या पत्रांनी उघडे पाडले. १९५८ मध्ये अमेरिकेत 'मॅड लिब्ज' या नावाने निघालेल्या पुस्तिकांत हीच क्लृप्ती घरगुती करमणुकीची झाली: एकाने गोष्ट न दाखवता 'एक नाम सांग, एक विशेषण सांग' म्हणायचे आणि मिळालेले शब्द गोष्टीतील रिकाम्या जागी भरून ती गंभीरपणे वाचायची. लिओनार्ड स्टर्न आणि रॉजर प्राइस या तिच्या कर्त्यांनी मोकळ्या जागेवर 'नाम', 'विशेषण' अशी व्याकरणाची पाटी लावली, याचा अर्थ आकांक्षेची राखण केली.

साहसखेळांतील उत्तम उदाहरणे याच मार्गाने, पण अधिक खोल गेली. डग्लस ॲडम्स आणि स्टीव्ह मेरेट्झ्की यांनी इन्फोकॉमसाठी १९८४ मध्ये 'द हिचहायकर्स गाइड टु द गॅलॅक्सी' हा खेळ रचला. त्यात एक विलक्षण प्रसंग आहे. खेळणाऱ्याने कधी तरी असे काही टंकित केलेले असते की जे आज्ञावलीला कळलेले नसते. तो विसरून जातो. यंत्र विसरत नाही. पुढे निवेदक सांगतो की नेमके ते उद्गार अवकाशकालाच्या एका छिद्रातून दूरच्या आकाशगंगेत पोहोचले. तेथे दोन वंश युद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. आणि त्यांच्या भाषेत त्या उद्गारांचा अर्थ कल्पनातीत अपमानास्पद होता. येथे शब्द फाशाने निवडलेला नाही; परंतु लेखकाच्या दृष्टीने तो पूर्ण यादृच्छिक आहे, कारण कोण काय टंकित करील याचा त्याला पत्ता नाही. शिवाय येथे योग्यतेबरोबर संनिधीशीही खेळ केला आहे: एका संदर्भात उच्चारलेले पद कितीतरी वेळाने दुसऱ्या संदर्भात येऊन बसते. आणि तरीही वाक्य मोडत नाही, कारण ते पद अवतरणचिन्हांत येते. अवतरण ही व्याकरणातील अशी जागा आहे की जेथे कोणत्याही शब्दाला प्रवेश मिळतो. मोकळी जागा कोठे ठेवायची हे ज्याला इतके नेमके कळले त्याला बाजूला सारून श्रेय यदृच्छेला देणे अन्यायाचे होईल.

१९८७ च्या 'ब्युरॉक्रसी' या खेळात, ज्याच्या रचनेत ॲडम्सचाही वाटा होता, आरंभीच खेळणाऱ्याकडून एक अर्ज भरून घेतला जातो. नाव-पत्त्याबरोबर नावडता रंगही त्यात विचारला जातो, आणि ही उत्तरे पुढे कथानकात डोकावतात. कथानक काय, तर पत्ता बदलल्याची नोंद बँकेकडून करून घेताना होणारी नागरिकाची ससेहोलपट. येथे 'मॅड लिब्ज'चा साचा आणि कचेरीतला छापील अर्ज एकच होऊन जातात. माणसाच्या आयुष्याचे तुकडे रिकाम्या चौकटींत भरून घ्यायचे आणि भलत्या जागी वापरायचे, हा उद्योग कचेऱ्या गंभीरपणे करतातच. खेळाने तो मोठ्याने वाचून दाखवला. यादृच्छिक शब्दाचा विनोद निव्वळ गंमत राहत नाही, त्याला उपरोधाची धार येते, ती अशा वेळी.

आणखी दोन नमुने विचारात घेण्यासारखे आहेत. १९८७ पासून चालत आलेला 'नेटहॅक' हा खेळ काटेकोर अर्थाने शाब्दिक साहसखेळ नव्हे, अक्षरचिन्हांनी रेखाटलेल्या भुयारातील भ्रमंती आहे. परंतु त्यातील घटना वाक्यांतून कळतात. पात्राला भास होऊ लागले की समोरच्या प्राण्याचे नाव क्षणाक्षणाला बदलू लागते, आणि त्या नावांच्या यादीत खेळात कोठेही नसलेले काल्पनिक प्राणीही असतात. दुसरा नमुना २००३ मध्ये सुरू झालेल्या 'किंगडम ऑफ लोदिंग' या विनोदी खेळातील. त्यात एक तलवार आहे. ती हाती धरली की खेळाच्या गद्यातील संबंधदर्शक अव्यये यदृच्छेने बदलू लागतात. आत जाणारा माणूस विरुद्ध जातो, टेबलावरची वस्तू टेबलादरम्यान पडून असते. तलवारीचे नावही त्याच रोगाने बाधलेले: मराठीत सांगायचे तर 'अयोग्य अव्ययांची' असे न म्हणता 'अयोग्य अव्ययांमागील तलवार'. नामे आणि क्रियापदे जागच्या जागी राहून केवळ त्यांना जोडणारे दुवे वेडे झाले म्हणजे जग किती लवकर उलटेपालटे होते, हे वैयाकरणांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

या दोन्ही नमुन्यांत एक संयम आहे, आणि तो या साहित्यप्रकाराच्या स्वभावातून आलेला आहे. कादंबरीत लेखकाने 'कोपऱ्यात एक विहीर होती' असे लिहिले तर वाचक ते मान्य करून पुढे जातो. साहसखेळात तेच नाम एक वचन असते. वाचक लगेच 'विहिरीत उतर' अशी आज्ञा देणार, आणि विहीर जर केवळ गंमत म्हणून यादीतून आली असेल, तर यंत्राला उत्तर द्यावे लागेल की विहीर म्हणजे काय ते ठाऊक नाही. आपणच उच्चारलेला शब्द आपल्याला कळत नाही अशी ही कबुली. तेथे विनोद संपतो आणि फसवणूक सुरू होते. 'नेटहॅक'मध्ये नाव पालटते, प्राणी पालटत नाही. वार केला तर तो त्याच प्राण्याला लागतो. तलवारीच्या खेळात अव्यये बिघडतात, वस्तू हरवत नाहीत. यदृच्छेने नावाशी खेळावे, वस्तूशी नव्हे. वर्णनाशी खेळावे, दिशेशी नव्हे. 'उत्तरेला' या शब्दाच्या जागी फाशाने 'दक्षिणेला' आले तर वाचकाचा विश्वास जातो, आणि विश्वास गेल्यावर असंबद्धतेलाही चव राहत नाही.

खुद्द यदृच्छेलाही या कारागीरांनी मोकळे सोडलेले नाही. शुद्ध यदृच्छेत तोच शब्द लागोपाठ तीनदा येऊ शकतो, आणि असंबद्ध शब्द दुसऱ्यांदा आला की तो असंबद्ध राहत नाही, संवय होतो. म्हणून इन्फोकॉमच्या आज्ञावलीत यादीतील सर्व शेरे एकदा येऊन गेल्याशिवाय जुना शेरा परत येऊ नये अशी व्यवस्था होती. ग्रॅहम नेल्सन याने असे खेळ लिहिण्यासाठी निर्माण केलेल्या इन्फॉर्म या भाषेच्या २००६ मधील सातव्या रूपात तर यदृच्छेचे प्रकारच पाडलेले आढळतात: लागोपाठ तोच पर्याय न देणारी निवड निराळी, अगदी निर्भेळ यादृच्छिक निवड निराळी, काही पर्याय क्रमाने फिरतात, काही शेवटच्या पर्यायावर येऊन थांबतात, काहींची संभाव्यता उत्तरोत्तर घटत जाते. यदृच्छेच्या इतक्या छटा ज्या भाषेला नावानिशी ओळखाव्या लागल्या तिच्या लेखकांना 'फासे टाकणारे' म्हणून निकालात काढता येणार नाही. यादी करणे, यादीतील शब्द एकमेकांपासून पुरेसे दूर पण वाक्याच्या सुरापासून फार दूर नाहीत हे पाहणे, आणि कोणता शब्द यादीत मुळीच नको हे ठरवणे, ही लेखकाचीच कामे आहेत.

येथवरचे विवेचन इंग्रजीतील खेळांविषयी झाले. भारतीय भाषांच्या अभ्यासकाला खरा प्रश्न यापुढे पडतो. इंग्रजीत नामाला व्याकरणिक लिंग नाही, विशेषण नामानुसार बदलत नाही, भूतकाळी क्रियापदही कर्त्याचे लिंग दाखवत नाही. म्हणून इंग्रजी वाक्यातील मोकळ्या जागेत जवळजवळ कोणतेही एकवचनी नाम खपून जाते. मराठीत 'कोपऱ्यात एक जुनी पेटी पडली आहे' या वाक्यातील 'पेटी' काढून तेथे 'सुतार' किंवा 'लोणचे' घातले की योग्यतेच्या आधी आकांक्षाच तुटते. 'जुनी' आणि 'पडली' ही दोन पदे स्त्रीलिंगी नामाची वाट पाहत असतात. वाचकाला त्या वाक्यात वेडेपणा दिसत नाही, चूक दिसते. इंग्रजी साचा आणि इंग्रजी यादी शब्दशः उलथून मराठीत घातली तर नेमके हेच होईल, आणि मग हसू येईल ते भाषेत नव्हे, भाषेला. हा भेद सूक्ष्म वाटला तरी परिणामाने मोठा आहे. यंत्राच्या तोंडची मोडकी वाक्ये वारंवार वाचून आपली भाषाच या कामाला अपुरी आहे असा समज रुजायला वेळ लागत नाही.

भाषा अपुरी नाही. तिच्या मोकळ्या जागा निराळ्या ठिकाणी आहेत इतकेच. मराठीपुरते पाहावयाचे तर 'समोर विहीर आहे', 'समोर सुतार आहे', 'समोर लोणचे आहे' या वाक्यांत 'आहे' हे क्रियापद लिंगाची चौकशी करीत नाही. भविष्यकाळातील 'येईल', 'चावेल' ही रूपेही तशीच. 'जुना', 'मोठा' ही विशेषणे लिंगानुसार बदलतात. परंतु 'उदास', 'सुरेल', 'निवृत्त', 'थकबाकीदार' ही बदलत नाहीत. 'कोपऱ्यात एक थकबाकीदार पाटा आहे' हे वाक्य व्याकरणाच्या कोणत्याही न्यायालयात निर्दोष ठरेल. खेळणाऱ्याला 'तू' म्हटले की 'आलास' की 'आलीस' हा पेच पडतो. 'तुम्ही आलात' म्हटले की तो सुटतो. आणि त्या तलवारीच्या बाबतीत तर मराठी इंग्रजीच्या तोडीस तोड आहे. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त ज्यांचा तपशिलाने विचार केला आहे ती शब्दयोगी अव्यये बहुतेक करून नामाच्या एकाच सामान्यरूपाला लागतात. 'वाड्यासमोर' या पदाच्या जागी 'वाड्याऐवजी', 'वाड्याविरुद्ध', 'वाड्याखातर', 'वाड्यासकट' यांपैकी काहीही आले तरी सामान्यरूपाला धक्का लागत नाही. 'तुम्ही वाड्याऐवजी उभे आहात' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या जितके निर्दोष तितकेच अर्थदृष्ट्या वेडे आहे, आणि तसे असणे हीच या विनोदाची अट.

इतर भाषांत या जागा आणखी वेगळ्या असतील. हिंदीत लिंगे दोनच, पण विशेषण व क्रियापद यांचा जाच मराठीसारखाच. बंगालीत व्याकरणिक लिंग नाही. त्यामुळे नामाची जागा बरीच मोकळी, परंतु संख्येबरोबर येणारे 'टा', 'टि', 'जन' हे घटक वस्तू आणि मनुष्य यांत भेद करतात. तमिळमध्ये क्रियापदाचा प्रत्ययच कर्ता मनुष्यकोटीतला आहे की नाही हे सांगतो. म्हणजे तेथे राजाच्या जागी दगड आला तर योग्यतेचा भंग आपोआप आकांक्षेपर्यंत पोहोचतो, आणि लेखकाला यादीच दोन वर्गांत वाटावी लागते. उलट अवतरणाची जागा सर्वत्र सुरक्षित आहे. संस्कृतातील 'इति', मराठीतील 'असे' आणि 'म्हणून', तेलुगूतील 'अनि', तमिळमधील 'एन्रु' यांच्या आश्रयाने कसलेही उद्गार वाक्यात सुखरूप बसतात. 'हिचहायकर्स'मधला तो प्रसंग कोणत्याही भारतीय भाषेत जसाच्या तसा उभा राहील. मात्र त्याच खेळातील इतर पुष्कळ वाक्यांविषयी असे म्हणता येणार नाही. अशी तुलना केली म्हणजे हा विनोद भाषाशास्त्राच्या वर्गातही उपयोगी पडणारा आहे हे ध्यानात येते. कोणत्या भाषेत कोठे शब्द बदलता येतो आणि कोठे येत नाही, हे दाखवणारी ती एक कसोटीच आहे.

यावर असा आक्षेप निघू शकेल की, याद्या आणि साचे यांचा काळ आता उरला नाही. २०१९ मध्ये जीपीटी-२ या भाषाप्रारूपावर आधारलेला 'एआय डंजन' हा खेळ आला. त्यात गद्याचा शब्द अन् शब्द यंत्र स्वतः घडवते आणि लिंगवचनाची काळजीही तेच घेते. मग व्याकरणाचा हा खटाटोप कशासाठी? परंतु त्या खेळातील असंबद्धता वेगळ्या जातीची आहे. तेथे मेलेले पात्र पुढच्या परिच्छेदात बोलू लागते ते कोणी तसे योजले म्हणून नव्हे, तर यंत्राला मागचे भान राहिले नाही म्हणून. त्याचेही हसू येते. पण ते वक्त्याची जीभ घसरल्यावर येणारे हसू आहे, विदूषकाने जाणून घसरवल्यावर येणारे नव्हे. अशी प्रारूपे जसजशी सुधारतात तसतशी ही घसरण कमी होणार, आणि तिच्याबरोबर तो विनोदही. साच्यातील मोकळी जागा मात्र लेखकाने जाणून ठेवलेली असते. यंत्र कितीही शहाणे झाले तरी तिची गरज संपत नाही. यंत्र जितके अस्खलित होत जाईल तितके आपण कोठे आणि का वेडेवाकडे बोलावे हे ठरवणाऱ्या माणसाचे महत्त्व वाढेल.

भारतीय भाषांतून असे खेळ रचू पाहणाऱ्यांनी म्हणून अनुवादित याद्यांपासून आरंभ करू नये. आपापल्या व्याकरणापासून करावा. आणि साहित्याच्या विभागांनी हा विषय संगणकशास्त्राकडे ढकलून मोकळे होऊ नये. आकांक्षा कोठे राखावी, योग्यता कोठे मोडावी आणि संनिधी किती ताणावी, हे प्रश्न आपल्या परंपरेने फार पूर्वी, फार बारकाईने विचारले आहेत. अग्नीने शिंपण्याचे जे वाक्य पिढ्यानपिढ्या दोषाचे उदाहरण म्हणून पाठ केले गेले, ते वाचून एखाद्या विद्यार्थ्याला हसू आले असेल, तर ते दडपून टाकण्याचे काही कारण नव्हते. त्या हसण्याची मीमांसा तेवढी राहून गेली आहे.